तीन नेटवर्कं, एकच दार: इंदूरच्या एका औषध-वितरकाचं प्रकरण

इंदूरच्या दवा बाजारात कचेरी, देवास नाक्याकडे गोदाम आणि माळव्यातल्या लहान गावांच्या मेडिकलपर्यंत माल पोचवणारा घाऊक धंदा. घर मराठी, कित्येक पिढ्या इंदुरातच. मालकांच्या साडूंचा असाच धंदा वडोदऱ्यात, थोडा लहान. दोघांनी मिळून एक कंपनी केली तेव्हा हिशेब एक झाला आणि साठ्याची यादीही एक झाली. सर्व्हर मात्र दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या वेळी, आपापल्या समजुतीने उभे केलेले होते. मालकांनी, म्हणजे आमच्या काकांनी, आम्हाला बोलावलं तेव्हा मागणी एका वाक्यात सांगितली: "अकाउंट्सच्या ताईंना इथे बसून वडोदऱ्याच्या मशीनवर काम करता आलं पाहिजे, आणि दुसरं कोणी आत येता कामा नये."

या मागणीचे दोन भाग आहेत. पहिला, नेटवर्कं जोडण्याचा, क्लाउडच्या पोर्टलवर, म्हणजे सगळं चालवायच्या वेबसाइटवर, काही मिनिटांत होतो. दुसऱ्या भागात खरं काम असतं, आणि लहान कंपन्यांत तोच भाग "नंतर बघू" म्हणून राहून जातो. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

काय होतं

सगळं मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर या क्लाउडवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर, होतं. इंदूरची दोन विंडोज व्हर्च्युअल मशीन (क्लाउडमधले संगणक) पुण्यातल्या सेंट्रल इंडिया रीजनमध्ये, म्हणजे अझ्युअरच्या तिथल्या डेटासेंटरमध्ये: एकावर बिलिंगचं सॉफ्टवेअर, दुसऱ्यावर एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस. वडोदऱ्याची मशीनही त्याच रीजनमध्ये, पण वेगळ्या खात्यात. तिसरं नेटवर्क चेन्नईच्या साउथ इंडिया रीजनमध्ये. तिथे दोन लिनक्स मशीन होती, मुदत संपत आलेल्या औषधांचे अहवाल काढायला आणि बॅकअप ठेवायला. काउंटरवरचं बिलिंग ब्राउझरमधून चालायचं. त्याचा रस्ता आधीपासून एका गेटवेमधून होता आणि नीट होता, त्याला आम्ही हात लावला नाही.

बाकी प्रत्येक मशीनला स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून कोणालाही गाठता येणारा पत्ता, होता. विंडोजवर रिमोट डेस्कटॉपचं (दूर बसून पडदा वापरायचं) ३३८९ पोर्ट, म्हणजे मशीनचं क्रमांकाचं दार, आणि लिनक्सवर एसएसएचचं (दूरवरून आज्ञा द्यायचं) २२ पोर्ट सगळ्या जगाला उघडं. का, असं विचारल्यावर उत्तर मिळालं की पासवर्ड मोठा आहे.

विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये फसलेल्या प्रत्येक लॉगिनची नोंद ४६२५ या क्रमांकाखाली होते. इंदूरच्या मशीनवर याच नोंदींची रांग लागली होती: ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, टेस्ट, युजर, पुन्हा ॲडमिनिस्ट्रेटर, दिवसरात्र. वडोदऱ्याकडच्या मुलाने पोर्ट बदलून भलताच आकडा ठेवला होता. तिथे नोंदी कमी होत्या, पण होत्याच. सगळी पोर्टं चाळून पाहणाऱ्या स्कॅनरना क्रमांक बदलल्याने फारसा फरक पडत नाही.

आणखी एक गोष्ट मला या गर्दीपेक्षाही गंभीर वाटली. या लॉगचा आकार मुळात २० एमबीच ठेवलेला असतो, आणि तो भरला की जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात. फसलेल्या प्रयत्नांनीच लॉग भरून जात होता, त्यामुळे थोड्याच दिवसांपूर्वी कोण यशस्वीपणे आत आलं होतं हे पाहायला काही उरलंच नव्हतं. कोणी शिरल्याची खूण नव्हती. पण कोणी शिरलं नव्हतं असं छातीठोकपणे सांगणंही शक्य नव्हतं. आणि मोठा पासवर्ड प्रत्येक वेळी वाचवतोच असं नाही. मे २०१९ मध्ये उघड झालेला ब्लूकीप हा दोष लॉगिनच्या आधीच वापरता येत होता, म्हणजे पासवर्ड विचारला जाण्यापूर्वीच. विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२ यांसारख्या जुन्या आवृत्त्यांना तो लागू होता. या मशीनना नव्हता, पण पुढचा असा दोष कुठल्या आवृत्तीत निघेल हे आधी कोणाला कळणार?

कोणते रस्ते सोडले

कचेरीच्याच आयपीला परवानगी द्यावी, ही पहिली सूचना आली. पण कचेरीच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलता, आणि मार्चअखेर ताई रात्री घरून काम करतात. जंप सर्व्हर, ज्यावर आधी येऊन मग आतल्या मशीनवर जायचं, म्हणजे आणखी एक विंडोज मशीन, ज्याचे अपडेट कोणीतरी बघायचे. शिवाय वेगळा परवाना नसेल तर विंडोज सर्व्हरवर एका वेळी दोघांनाच रिमोट डेस्कटॉप मिळतो. व्हीपीएनचा विचार आम्ही गंभीरपणे केला. पण त्यात घरचा लॅपटॉप थेट आतल्या नेटवर्कचा भाग होतो, आणि त्या लॅपटॉपवर मुलाने काय उतरवून घेतलंय हे आपल्याला माहीत नसतं. ताईंना हवा होता एका मशीनचा पडदा, अख्खं नेटवर्क नव्हे.

म्हणून अझ्युअर बॅस्टियन घेतलं. जुन्या वाड्याच्या मोठ्या दरवाजात दिंडी दरवाजा असतो: माणूस वाकून, एकेकटा, देवडीवरच्या पहारेकऱ्यासमोरून आत येतो. बॅस्टियनचं काम तसंच. बाहेरून ते फक्त ४४३ वर, एन्क्रिप्टेड, ऐकतं. माणूस आधी स्वतःच्या खात्याने ओळख पटवतो, आणि मग बॅस्टियन आतल्या खासगी आयपीवर ३३८९ किंवा २२ ने जोडून देतं. मशीनला पब्लिक आयपी लागतच नाही.

तीन नेटवर्कांसाठी तीन बॅस्टियन लागत नाहीत. मध्ये एक छोटं हब नेटवर्क ठेवायचं, त्यात बॅस्टियन, आणि बाकीच्यांशी पिअरिंग, म्हणजे दोन नेटवर्कांची थेट जोडणी, करायचं. पुणे-चेन्नईसारखी वेगळी रीजनही चालतात. पण पिअरिंग हस्ते-परहस्ते पुढे जात नाही. वडोदरा हबशी जोडलं आणि चेन्नई हबशी जोडलं म्हणून वडोदरा चेन्नईशी जोडलं गेलं असं होत नाही. काही जणांना ही उणीव वाटते. आम्हाला तेच हवं होतं, कारण बॅकअपच्या मशीनपर्यंत वडोदऱ्याहून कोणी पोचण्याचं कारणच नव्हतं.

बॅस्टियनचे प्रकारही नीट बघावे लागतात. फुकटातला डेव्हलपर प्रकार पिअर केलेल्या नेटवर्कांपर्यंत पोचत नाही. बेसिक पोचतो, पण फक्त ब्राउझरमधून. ताईंना एक्सेलच्या फायली ने-आण करायच्या होत्या, त्यासाठी विंडोजचाच रिमोट डेस्कटॉप प्रोग्रॅम हवा, म्हणून स्टँडर्ड. वर चढता येतं, खाली उतरता येत नाही. उतरायचं तर काढून पुन्हा उभं करावं लागतं. काकांनी विचारलं, "रात्री बंद ठेवून पैसे वाचतील का?" वाचत नाहीत. ते थांबवता येत नाही, असेपर्यंत तासागणिक आकारणी चालूच राहते, कोणी वापरो न वापरो. शिवाय पिअरिंगमधून जाणाऱ्या डेटाचे दोन्ही टोकांना पैसे लागतात. हे आकडे आम्ही आधीच कागदावर मांडले. पैशाच्या बाबतीत नंतर धक्का बसला की मालक सुरक्षेलाच खर्चिक म्हणू लागतात.

पत्त्यांचा घोळ

इंदूर आणि वडोदरा, दोन्ही नेटवर्कं १०.०.०.०/१६ या खासगी पत्त्यांच्या पट्ट्यावर होती (तिरप्या रेघेनंतरचा आकडा जितका मोठा तितका पट्टा लहान). चूक कोणाचीच नाही. नवं नेटवर्क बनवताना पोर्टल हाच पत्ता सुचवतं, आणि एकटंच नेटवर्क असेल तर तो बदलायचं कारणही नसतं. पण एकमेकांवर चढणारे पत्ते असले तर पिअरिंग होत नाही. दोघांपैकी एकाला घर बदलणं भाग होतं. वडोदऱ्याचा धंदा लहान, म्हणून वडोदरा.

चालू मशीन एका नेटवर्कमधून दुसऱ्यात उचलून ठेवता येत नाही. मशीन काढून, डिस्क राखून, नव्या नेटवर्कमध्ये पुन्हा उभं करावं लागतं. पण त्याच नेटवर्कमधल्या एका सबनेटमधून (नेटवर्कच्या एका तुकड्यातून) दुसऱ्यात मात्र नेटवर्क कार्ड हलवता येतं. आम्ही याच सोयीचा उपयोग केला. वडोदऱ्याच्या नेटवर्कला १०.२०.०.०/१६ हा दुसरा पत्ता जोडला, त्यात नवी सबनेट केली, मशीनचा खासगी आयपी स्थिर होता तो तात्पुरता डायनॅमिक (आपोआप मिळणारा) केला, कार्ड नव्या सबनेटवर नेलं आणि तिथे पुन्हा स्थिर केला. मशीन रीस्टार्ट होतं, म्हणून रविवार धरला. जुनी सबनेट रिकामी झाली तेव्हा ती काढली, आणि मग जुना पत्ताही काढून टाकला. हे सगळं पिअरिंगच्या आधी. पिअरिंग झाल्यावर पत्ते बदलले तर दोन्ही बाजूंना ते सिंक करत बसावं लागतं.

त्या रविवारी वडोदऱ्याच्या मुलाचा फोन आला: "दादा, मशीन उठलं, पण बिलिंगला डेटाबेस सापडत नाही." बिलिंगच्या सेटिंगमध्ये डेटाबेसचा आयपी आकड्यात लिहिलेला होता. तो बदलून दिला, पण नवा आकडा नाही लिहिला. खासगी डीएनएस झोन, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी यादी, करून नाव दिलं. आता पत्ता कधीही बदलला तरी एकाच जागी बदलावा लागेल.

हबला १०.१०.०.०/२४ दिला. त्यात बॅस्टियनसाठी /२६ चं सबनेट, म्हणजे ६४ पत्ते, त्यातले ५ अझ्युअर स्वतःकडे ठेवतं. याहून लहान सबनेट चालत नाही, आणि सबनेटचं नाव ठरलेलं असतं: अझ्युअरबॅस्टियनसबनेट, अक्षराचाही फरक नाही. पिअरिंग दोन्ही बाजूंनी करावं लागतं. एकाच बाजूने केलं तर स्थिती "इनिशिएटेड" वरच थांबते, आणि लोक फायरवॉलमध्ये दोष शोधत बसतात.

दोन खाती, एक कंपनी

वडोदऱ्याचं सबस्क्रिप्शन (अझ्युअरचं बिलाचं खातं) वेगळ्या टेनंटमध्ये, म्हणजे वापरकर्त्यांच्या वेगळ्या यादीत, होतं. दोन टेनंटमधली नेटवर्कं पिअर करता येतात, पण बॅस्टियन टेनंटची हद्द ओलांडत नाही. सबस्क्रिप्शनं वेगळी असली तरी चालतात, टेनंट एकच लागतो. म्हणून वडोदऱ्याचं सबस्क्रिप्शन इंदूरच्या टेनंटमध्ये आणायचं ठरलं. असं हस्तांतर करताना त्या सबस्क्रिप्शनवरच्या सगळ्या भूमिका, म्हणजे कोणाला काय करता येतं याच्या सगळ्या नेमणुका, कायमच्या पुसल्या जातात. म्हणून आधी त्यांची यादी उतरवून घ्यावी लागते.

ती यादी उतरवून आम्ही काकांसमोर ठेवली, आणि माझ्या मते या कामातला सगळ्यात मोलाचा तास तोच. यादीत नोकरी सोडून गेलेला एक माणूस "ओनर", म्हणजे सगळे अधिकार असलेला, म्हणून होता. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांचं एक समाईक खातं होतं, ते नेमकं कोण वापरतं हे कोणालाच सांगता येईना. काका म्हणाले, "सगळ्यांना सगळं देऊन टाका, घरचीच माणसं आहेत." मी म्हटलं, "काका, प्रश्न माणसाचा नाही. त्यांचा फोन हरवला, लॅपटॉप चोरीला गेला, तर सापडणाऱ्याच्या हातात काय पडेल, एवढंच बघायचंय." ते त्यांना पटलं. ताईच त्या यादीवर पेन घेऊन बसल्या आणि एकेका नावापुढे काय लागतं ते त्यांनीच लिहिलं. कोण कुठल्या मशीनवर काय करतं हे आमच्यापेक्षा त्यांना चांगलं माहीत होतं. जुन्या नेमणुका परत लावण्याऐवजी ताईंच्या कागदावरून नव्या केल्या.

बॅस्टियनमधून पिअर केलेल्या नेटवर्कमधल्या मशीनवर जायला माणसाला चार ठिकाणी रीडर (फक्त पाहण्याची) ही भूमिका लागते: ते मशीन, मशीनचं नेटवर्क कार्ड, बॅस्टियन, आणि ते मशीन ज्या नेटवर्कमध्ये आहे ते नेटवर्क. चौथी हमखास विसरली जाते, कारण एकाच नेटवर्कमध्ये काम असेल तर ती लागत नाही. ती नसेल तर मशीन किंवा बॅस्टियन समोर दिसतच नाही, आणि माणूस भलत्याच ठिकाणी दोष शोधत राहतो. ताईंना वडोदऱ्याच्या हिशेबाच्या मशीनपुरत्या या चार भूमिका मिळाल्या. वडोदऱ्याच्या मुलाला तिथल्या दोन्ही मशीनच्या. चेन्नईच्या मशीनवर फक्त आम्ही आणि मालकांनी नेमलेला एक माणूस.

पोर्टलच्या लॉगिनवर दुहेरी ओळख सगळ्यांना सक्तीची केली. मशीनच्या आतला पासवर्ड वेगळाच राहतो. तिथे समाईक ॲडमिनिस्ट्रेटर बंद करून प्रत्येकाचं खातं केलं. नाहीतर बाहेरच्या दारावर नाव लागतं आणि आत गेल्यावर सगळे एकच माणूस होऊन बसतात.

जोडल्यावर आपोआप काय उघडतं

अझ्युअरच्या नेटवर्क सिक्युरिटी ग्रुपमध्ये, म्हणजे रहदारीच्या नियमांच्या यादीत, ६५००० क्रमांकाचा एक मूळ नियम असतो: व्हर्च्युअल नेटवर्कमधून येणारं सगळं आत घ्या. या "व्हर्च्युअल नेटवर्क" मध्ये पिअर केलेली नेटवर्कंही मोडतात. पिअरिंगच्या क्षणापासून हब आणि त्याला जोडलेलं नेटवर्क एकमेकांचं प्रत्येक पोर्ट पाहू लागतात. इंदूरचं बिलिंग आणि वडोदऱ्याचा डेटाबेस यांचंही आपसात पिअरिंग करावं लागलं होतं, साठ्याची यादी एक करायची होती म्हणून. त्या जोडणीतून डेटाबेसचं १४३३ पोर्टच नव्हे, फाइल शेअरिंगपासून सगळं उघडं झालं असतं. रॅन्समवेअर एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरतं ते अशाच वाटांनी.

म्हणून प्रत्येक सबनेटवर आपले नियम लिहिले. बॅस्टियनच्या सबनेटमधून ३३८९ किंवा २२ ला परवानगी, फक्त इंदूरच्या बिलिंग मशीनच्या आयपीवरून १४३३ ला परवानगी, काउंटरच्या गेटवेला त्याचं पोर्ट, आणि ४००० क्रमांकावर व्हर्च्युअल नेटवर्कमधलं बाकी सगळं बंद. शेवटचा नियम लावण्यापूर्वी कोण कोणाशी बोलतंय हे फ्लो लॉगमध्ये, म्हणजे रहदारीच्या नोंदींत, पाहून घेतलं, आणि त्यात महिनाअखेर येईल अशी मुदत धरली. काही कामं महिन्यातून एकदाच चालतात. असं एक काम खरोखरच सापडलं, महिनाअखेरचा साठा चेन्नईकडे ढकलणारं. ते इंदूरहूनच चालत होतं आणि त्याला चेन्नईचा पब्लिक आयपी दिलेला होता, म्हणजे औषधांची यादी इंटरनेटवर फिरून येत होती. तेवढ्यापुरतं इंदूर-चेन्नई पिअरिंग करून एका पोर्टचा नियम दिला. ४००० चा तो नियम सबनेटच्या आतल्या रहदारीलाही लागू होतो हे ध्यानात ठेवावं लागतं. एकाच सबनेटमधलं बिलिंग आणि डेटाबेससुद्धा त्याने तुटू शकतात.

पब्लिक आयपी काढताना

बॅस्टियनवरून सगळ्यांचं काम नीट चालू आहे हे पाहिल्यावरच पब्लिक आयपींना हात लावला. इंदूरच्या बिलिंग मशीनचा आयपी मात्र तसाच टाकून देता येत नव्हता. ई-इन्व्हॉइस पाठवणाऱ्या मध्यस्थाकडे तोच नोंदलेला होता, दुसऱ्या आयपीवरून आलेलं ते स्वीकारत नव्हते. तो आयपी स्टँडर्ड प्रकारचा आणि स्थिर असल्याने मशीनपासून सोडवून त्याच सबनेटच्या नॅट गेटवेला लावला. बाहेर जाणारी रहदारी जुन्याच पत्त्यावरून जाते, बाहेरून कोणी स्वतःहून आत येऊ शकत नाही. मध्यस्थाला काही कळवावंही लागलं नाही.

बिलिंग सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांचा माणूस आधी सर्व्हरवर कायम चालू ठेवलेल्या एका रिमोट-कंट्रोल प्रोग्रॅममधून यायचा, ठरलेल्या पासवर्डने. तो प्रोग्रॅम काढला. त्याला पाहुणा म्हणून स्वतःच्या नावाचं खातं दिलं. काम निघालं की ताई फोन करून आम्हाला भूमिका द्यायला सांगतात, काम संपलं की काढून घेतली जाते. बॅस्टियनमध्ये लिंक पाठवून कोणालाही जोडून देण्याची सोय आहे, त्यात पोर्टलवर ओळख पटवावी लागत नाही. पुरवठादाराने तीच मागितली होती. आम्ही ती बंद ठेवली आणि काकांनी आम्हाला साथ दिली.

नोंदी

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस, भारताच्या हद्दीत, ठेवावे लागतात, आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. बॅस्टियनच्या नोंदी, कोण, कुठून, कुठल्या मशीनवर, किती वेळ, पुण्याच्या रीजनमधल्या लॉग ॲनालिटिक्स या नोंदी साठवणाऱ्या सेवेत जातात आणि त्यांची मुदत १८० दिवस केली. विंडोजचा सिक्युरिटी लॉगही तिकडेच पाठवतो, त्यामुळे २० एमबीची अडचण राहिली नाही. ४६२५ च्या नोंदी अजून येतात, पण आता त्यांच्यामागे ओळखीची माणसं असतात. मागच्या सोमवारी ताईंचा पासवर्ड चुकला तो दिसला. आधी अशी एखादी नोंद त्या गर्दीत सापडलीच नसती.

हेच काम दुसऱ्या क्लाउडवर असतं तरी विचार असाच राहिला असता, साधनं वेगळी. गूगल क्लाउडमध्ये आयडेंटिटी-अवेअर प्रॉक्सी आहे, तिथे फायरवॉलमध्ये ३५.२३५.२४०.०/२० एवढ्याच पट्ट्याला परवानगी द्यायची. ॲमेझॉनकडे सेशन मॅनेजर आहे.

बाकी काय आहे

बॅस्टियनच अडलं तर काय, याची तजवीज केली आहे. सगळ्या मशीनवर बूट डायग्नॉस्टिक्स चालू ठेवलंय, म्हणजे नेटवर्कशिवायही, सिरियल कन्सोलमधून, पोचता येईल. त्यासाठी रीडर पुरत नाही, मशीनवर कॉन्ट्रिब्युटरची (बदल करू शकणाऱ्याची) भूमिका लागते. ती एकाच आपत्कालीन खात्याला आहे. त्याचा पासवर्ड काकांकडे, दुसऱ्या ओळखीची किल्ली वडोदऱ्याला साडूंकडे, आणि ते खातं वापरलं गेलं की दोघांनाही लगेच संदेश जातो. चेन्नईच्या मशीनवरच्या जुन्या एसएसएच किल्ल्या कोणाकोणाच्या आहेत याचा शोध चालू आहे. ज्यांचा मालक सापडत नाही त्या काढून टाकतो आहोत.